दहा मिनिटांचा रस्ता

मित्रांनो, मी एक जुना पत्रा आहे. इटियाडोहच्या धरणाकडे जाणारा रस्ता एसटीच्या थांब्यापाशी जिथे वळतो, तिथे दोन लोखंडी पायांवर मी उभा आहे. माझा एक कोपरा गंजला आहे आणि पोटात दगडाचा एक पोचा आहे. तरीही कुणी मला भंगार म्हटले तर मला ते खपत नाही. माझ्या अंगावर अंगठ्याच्या पेराएवढी एक काळी खूण आहे. त्या खुणेपायी एका म्हाताऱ्या माणसाने हातातले काम सोडले, पण खूण सोडली नाही. ती हकिगत मी तुम्हाला सांगणार आहे.

जन्माने मी दार आहे. गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये कोंडा साठवायच्या खोलीला मी लावलेला होतो. वीस-बावीस वर्षे मी दिवसभर उघडत होतो आणि मिटत होतो. माझ्या अंगावर कोंड्याचा थर असे, आणि हमालांनी खडूने मारलेल्या रेघा असत. मग मिलमालकाने नवे शटर बसवले आणि मला भंगारवाल्याच्या गाडीवर टाकले. माझ्यावर मडकी-बादल्या लादून तो गावोगाव फिरला. एका बाजाराच्या दिवशी उदाराम कापगते नावाच्या पेंटरने मला बोटाने ठोकून पाहिले, कान लावून ऐकले आणि उचलून घरी नेले.

उदाराम बोर्ड रंगवत असे. तरुणपणी त्याने झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवले होते. पडद्यावरचे महाल आणि जंगल रंगवून झाले की नाटकाचे नाव लिहायचे कामही त्याच्याकडेच येई. तिथेच त्याचा हात अक्षराला बसला. त्याने मला लाकडी हातोडीने सरळ केले, पॉलिश पेपरने घासले आणि माझ्यावर लाल प्रायमर चढवला. पहिल्यांदा मी सायकल दुरुस्तीचा बोर्ड झालो. नंतर धानाच्या बियाण्याच्या दुकानाचा झालो. लोक रस्त्यात थांबून म्हणत, "अक्षर पाहावं तं उदारामचं." त्याचे अक्षर सुंदर होतेच, पण त्याला अभिमान वेगळ्याच गोष्टीचा होता. एवढ्या वर्षांत त्याने कुठल्याच बोर्डावर वेलांटी चुकवली नव्हती आणि टिंब विसरले नव्हते.

मग फ्लेक्स आले. सकाळी फोटो दिला की संध्याकाळी बोर्ड तयार. उदारामकडे येणारी माणसे कमी झाली, आणि मी त्याच्या गोठ्यामागे भिंतीला टेकून पडून राहिलो. माझ्या सावलीत कोंबड्या बसत. तीन पावसाळे मी तसेच काढले. माझा कोपरा गंजला तो तेव्हाच.

गेल्या वर्षी नंदाबाई मेश्राम उदारामकडे आली. तिचा नवरा धरणात मासे पकडतो. तिने गावातल्या सहा बायकांना घेऊन धरणाजवळ खानावळ सुरू केली होती. भात, मासोळीचा रस्सा आणि कधी झिंग्याची भाजी. पण पाहुणे थांब्यावर उतरत, इकडेतिकडे बघत आणि परतीच्या गाडीत बसून जात.

"भाऊ, बोर्ड पायजे," ती म्हणाली. "मराठीत लिवा अन इंग्लिशमधी बी लिवा. बाहेरचे लोक येते."

"फ्लेक्स काऊन नाई करत?"

"फ्लेक्स बकऱ्या खाते."

उदाराम हसला आणि त्याने मला गोठ्यामागून बाहेर काढले. पिवळ्या रंगावर काळ्या अक्षरांत त्याने वर लिहिले, 'नंदाबाईची खानावळ'. त्याखाली 'चालत दहा मिनिटांचा रस्ता'. आणि सर्वांत खाली इंग्रजीत, TEN MINUTE'S WALK.

त्याची सून रश्मी शाळेत इंग्रजी शिकवते. ती शाळेतून आली, माझ्यासमोर थांबली आणि म्हणाली, "मामाजी, खालच्या ओळीत ती अपॉस्ट्रॉफी चुकीच्या जागी पडली आहे."

"कोनती?"

"ही वरची शेपटी. एसच्या आधी आहे, ती एसच्या नंतर हवी."

उदारामचा चेहरा उतरला. "मी चाळीस वर्सं बोर्ड लिवून रायलो. सगळीकडं असंच असते," तो म्हणाला आणि आत निघून गेला. त्या दिवशी तो तिच्याशी बोलला नाही. जेवतानाही त्याने भात तिच्याकडे न मागता बायकोकडे मागितला. मला ते अंगणातून दिसत होते आणि मला रश्मीचे वाईट वाटत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चहाचा कप घेऊन माझ्यासमोर बसला. मग त्याने आत हाक मारली, "रश्मी, ते शेपटी काऊन चुकली, सांग मले."

रश्मीने पुस्तक आणले नाही. तिने माझ्यावरच्या मराठी ओळीवर बोट ठेवले.

"मामाजी, इथे 'मिनिटांचा' लिहिताना टिंब दिलं. का दिलं?"

"दहा मिनिटं आहेत ना. एक असता तं टिंब नसता दिलो. एका मिनिटाचा, दहा मिनिटांचा."

"इंग्रजीतही तेच पाहायचं. एक की अनेक? आधी शब्द पूर्ण लिहायचा आणि तो जिथे संपला तिथे शेपटी लावायची. एक मिनिट असेल तर शब्द ईवर संपतो. तिथे शेपटी, मग एस. तो एस म्हणजे आपला 'चा'. पण मिनिटं दहा असली की शब्दच एसवर संपतो. म्हणून शेपटी त्या एसच्या नंतर. पुन्हा दुसरा एस लावायचा नाही."

"म्हणजे मी दहा मिनिटांचं एकच मिनिट करून ठेवलो."

"तसंच झालं."

उदाराम उठला. त्याने टर्पेंटाइनमध्ये फडके बुडवले आणि ती शेपटी पुसली. रंग अजून ओला होता. मग बारीक ब्रश घेऊन, श्वास रोखून, त्याने एसच्या पुढे नवी शेपटी काढली. TEN MINUTES' WALK. "काल तुयावर रागावलो, ते चुकलं माझं," तो माझ्याकडे बघतच म्हणाला. रश्मी कप उचलून आत गेली आणि त्याला आणखी चहा घेऊन आली.

मला थांब्यावर उभे केले त्या दिवशी गावातले म्हातारे बकाराम घड्याळ लावून माझ्यापासून खानावळीपर्यंत चालत गेले. त्यांना सतरा मिनिटे लागली. "बोर्ड खोटा आहे," त्यांनी परत येऊन जाहीर केले. नंदाबाई म्हणाली, "बोर्ड बरोबर आहे, तुमचे गुडघे खोटे आहेत." पण तेव्हापासून पाहुणे खरेच पायी जाऊ लागले. दुपारी थांब्यावर उतरलेली माणसे मला वाचत, आणि वाचून चालू लागत. मी पुन्हा कामाचा झालो होतो.

मग हेमराज आला. हेमराज हा गोंदियाकडचा ठेकेदार. धरण पाहायला येणाऱ्यांसाठी एका कार्यालयाने अकरा नवे फलक लावायचे ठरवले होते आणि ते काम त्याला मिळाले होते. माझी अक्षरे पाहून तो मोटारसायकलवरून उतरला आणि उदारामला थांब्यावर बोलावून घेतले.

"काका, हाथ अच्छा है तुमचा. हे अकरा बोर्ड तुम्ही लिहा. हे झालं की पंधरा शाळांच्या भिंती रंगवायचं काम पण येणार आहे. पूर्ण वर्ष बसायला फुरसत मिळणार नाही."

उदारामने कागद हातात घेतला. मी त्याचा हात बघत होतो. बोट ओळीवरून सरकत गेले आणि एका जागी अडले.

"हे चुकलेलं आहे," तो म्हणाला. "दोन तास होडीतून फिरवायचं लिवलं आहे, TWO HOUR'S. तास दोन आहेत, शेपटी एसच्या पुढं पायजे. अन हे एका दिवसाचं तिकीट, ONE DAYS'. दिवस एक आहे. शेपटी वायच्या पुढं पायजे. सगळे उलटे आहेत."

"साइन हो गया है काका. साहेबांनी पास केलेला मजकूर आहे. मी एक ठिपका बदलला तर माझं काम नामंजूर होईल."

"मग साहेबाले सांगा."

"मी सांगू? त्यांची चूक?" हेमराजला हसू आले. "तुम्ही जसं लिहिलं आहे तसं उतरवा. इथं कोण वाचतं?"

"मी वाचतो ना," उदाराम म्हणाला आणि त्याने कागद परत दिला.

मित्रांनो, त्या वेळी त्याच्या घरी गोठ्याचे छप्पर शाकारायचे राहिले होते आणि सहा महिन्यांत त्याच्या हाती एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर नाव लिहिण्यापलीकडे काम आले नव्हते. हे मला ठाऊक होते, म्हणून सांगतो. त्याला तो कागद परत देणे सोपे नव्हते.

हेमराजने शहरात स्टिकरची अक्षरे कापून घेतली आणि अकरा फलक चकचकीत निळ्या पत्र्यांवर चिकटवून उभे केले. त्यातला एक माझ्या समोरच, रस्त्याच्या पलीकडे आला. आता थांब्यावरची माणसे आळीपाळीने दोघांना वाचू लागली. "सरकारी बोर्डावर शेपटी अलीकडं, अन याच्यावर पलीकडं," एक जण म्हणाला. "मग उदारामचीच चुकली असन." दुसऱ्याने मान हलवली. कार्यालयाचा पत्रा नवा होता, मी गंजका होतो. कुणावर विश्वास ठेवायचा, हे लोकांनी पत्रा बघूनच ठरवले.

एक दिवस, दोन्ही बोर्ड सारखे दिसावेत म्हणून, हेमराजचा माणूस आला. त्याने माझ्या शेपटीवर पिवळी पट्टी चिकटवली आणि ई व एसच्या मध्ये मार्करने नवी शेपटी काढून गेला. मला ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो. चार दिवस मी दहा मिनिटांचे एक मिनिट करून त्या रस्त्यावर उभा होतो. पाचव्या दिवशी उदाराम बाजाराहून परत येताना थांबला. त्याने पट्टी नखाने उचकटली आणि मार्कर पुसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता, भर उजेडात, तो सायकल घेऊन निघाला. सोबत एक पातळ पट्टी आणि पाण्याची बाटली. सुरुवात माझ्या समोरच्या फलकापासून झाली. त्याने पट्टीने शेपटीचे स्टिकर अलगद सोडवले आणि एसच्या पुढे नेऊन अंगठ्याने दाबले. रस्त्याने जाणाऱ्या बायकांनी विचारले, "का करून रायले भाऊ?"

"शेपटी जागेवर लावून रायलो."

एका दिवसाच्या तिकिटाच्या फलकावर त्याला जास्त वेळ लागला. तिथे वाय आणि एस चिकटून होते, शेपटीला जागाच नव्हती. त्याने एससुद्धा सोडवला, बोटभर पुढे सरकवला आणि मध्ये शेपटी बसवली. ओळ सरळ राहिली की नाही ते पाहायला तो तीन वेळा रस्ता ओलांडून गेला. हे सारे त्याने नंतर थांब्यावर बसून नंदाबाईला सांगितले, म्हणून मला कळले. अकरा फलकांना त्याला दोन दिवस लागले. एकाही पत्र्यावर त्याने ओरखडा उठू दिला नाही.

हेमराज तिसऱ्या दिवशी आला तेव्हा रागाने लाल झाला होता. पण उदारामसमोर तो शांतपणे बोलला.

"काका, शासकीय फलकाची नासधूस म्हणून तक्रार होऊ शकते. मला ती करायची नाही. शेपट्या परत होत्या तिथे लावा आणि दोन ओळी माफी लिहून द्या. शाळांच्या भिंतींचं काम अजून मी कुणाला दिलेलं नाही."

"त्या भिंतींवर बी असंच लिवायचं असन?"

"जो मजकूर येईल तो."

"मग ते काम मले नको," उदाराम म्हणाला. "अन शेपट्या जेथी आहेत तेथीच राहतील."

हेमराजने ग्रामपंचायतीत तक्रार दिली. ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. उदारामने मला पायांसकट उपटले आणि बैलबंडीत घालून तिथे नेले. साऱ्या गावासमोर मला भिंतीला टेकवून ठेवले. सरपंच मंगली उईके खुर्चीवर बसल्या होत्या. त्या जंगलाकडच्या टोल्यावरून, म्हणजे वस्तीवरून येतात. त्या फार बोलत नाहीत आणि बोलणाऱ्याला मध्येच थांबवतही नाहीत.

हेमराजने आपली बाजू मांडली. मंजूर मजकूर, सही, शिक्का. सगळे कागद त्याच्याजवळ होते. बकाराम उठून म्हणाले, "उदाराम, लिवून दे ना बापा. एका शेपटीपायी कायले वैर?"

"देतो," उदाराम म्हणाला. "का लिवू?"

"माझी चूक झाली, असं लिहा," हेमराज म्हणाला.

उदाराम माझ्याजवळ येऊन उभा राहिला. "चूक मी केलो होतो. ह्याच बोर्डावर. सूनबाईनं दाखवली, मी तिच्यावर रागावलो, मग पुसलो अन तिले सांगितलो का माझं चुकलं. ते माफी मागून झाली. ह्या अकरा बोर्डांवर मी चूक केलो नाई, चूक पुसलो. त्याची माफी कोनाले मागू?"

मग त्याने मला उलटे फिरवले, खडू घेतला आणि माझ्या पाठीवर लिहिले, 'एका दिवसाचे', 'दोन दिवसांचे'. त्याखाली DAY'S आणि DAYS'. रश्मीने त्याला जसे समजावले होते तसेच त्याने गावाला समजावले. एक असेल तर शेपटी एसच्या आधी, अनेक असतील तर एसच्या नंतर. आपले टिंब, त्यांची शेपटी. मास्तरांना जे कधी नीट सांगता आले नव्हते ते मागे बसलेल्या मजुरांनाही कळले, कारण दिवसाची मजुरी आणि दिवसांची मजुरी यांतला फरक त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

"ये अंग्रेजी है," हेमराज म्हणाला. "इथे टिंबा-बिंबाचा काय संबंध?"

तेव्हा मंगलीबाई उभ्या राहिल्या.

"आमच्या टोल्यानं जंगलाच्या हक्काचा अर्ज केला होता," त्या म्हणाल्या. "सगळ्या कुटुंबांचा दावा, असं लिवायचं होतं. लिवणाऱ्यानं टिंब सोडलं. कुटुंबाचा दावा झाला. एकाच घराचा. बावीस घरं आमची, कागदावर एक. तो कागद दुरुस्त व्हायले दोन वर्सं लागली. तेवढ्यात माझा सासरा गेला. त्याच्या नावानं कागद आला तेव्हा घ्यायले तो नव्हता." त्यांनी हेमराजकडे पाहिले. "मले इंग्लिश येत नाई. पण एक का अनेक, हे ज्याले बारीक वाटते, त्यानं आमच्या टोल्यावर येऊन सांगावं."

मंगलीबाईंनी विचारले, "शेपट्या आहेत तेथी राहू द्यायच्या, कोन कोन म्हणते?" सर्वांत आधी नंदाबाईचा हात वर गेला. मग तिच्या सहा बायकांचे. बकारामांनी गुडघ्यावर हात टेकून इकडेतिकडे पाहिले आणि शेवटी त्यांनीही हात वर केला. ठराव लिहिला गेला. मंगलीबाईंनी तो मोठ्याने वाचून घेतला आणि सही करण्याआधी 'फलकांवरील' या शब्दावर टिंब आहे की नाही ते बोट ठेवून पाहिले.

मला परत नेऊन थांब्यावर रोवले. शाळांच्या भिंतींचे काम शहरातल्या दुसऱ्या पेंटरला गेले. ते उदारामला परत मिळाले नाही. त्याने गोठ्याचे छप्पर धानाच्या तणसाने शाकारून घेतले आणि ट्रॉल्यांवर, होड्यांवर, विहिरींवर मिळेल ते लिहीत राहिला. दिवाळीनंतर एका जीपमधून त्या कार्यालयाची माणसे आली होती. त्यांनी अकरा फलकांचे फोटो काढले, माझाही काढला, आणि ती निघून गेली. अजून त्यांचे कुठलेच पत्र आलेले नाही. नंदाबाईने त्याला विचारले, "ते परत आले अन शेपट्या हलवल्या तं?"

"मग मी परत जाईन," उदाराम म्हणाला. "अकराच तं आहेत."

मित्रांनो, मला नवा रंग द्या असे मी म्हणणार नाही, पण जमले तर माझा गंज खरवडा, म्हणजे मी आणखी काही पावसाळे टिकेन. माझ्यासारखा जुना बोर्ड कुठे दिसला तर तो लिहिणाऱ्या हाताची आठवण ठेवा. आणि 'एवढ्याने काय होते' असे म्हणत कुणी माझ्यावरची खूण सरकवायला आला, तर त्याला माझी हरकत आहे, हे आत्ताच सांगून ठेवतो. ज्याला मला उचलून न्यायचे असेल त्याने खुशाल यावे. आधी माझ्यासमोर उभे राहून दोन्ही ओळी मोठ्याने वाचाव्यात, आणि मिनिटे किती ते सांगावे.